जर्मन शिकताना मराठी हाताशी ठेवा

‘जर्मन भाषा’ हे शब्द वाचून पान उलटू नका, मैत्रिणींनो! हा लेख विद्वानांसाठी नाही. तुमच्या नात्यात एखादी मुलगी नर्सिंग करून बसली असेल, एखादा भाचा आय.टी.आय. होऊन वायरमनचं काम करीत असेल, नाहीतर लेकीला सांगून आलेलं स्थळ म्युनिकला नोकरीत असेल, तर हा विषय आज ना उद्या तुमच्या ओट्यापर्यंत येऊन पोचणार आहे. आमच्या सिंधुदुर्गात तो पोचलेलाच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबेर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना तिकडे पाठवायचं ठरलं. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, वाहनचालक, असे हाताने काम करणारे लोक. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर आमच्या सावंतवाडीचे, त्यामुळे इकडे त्याची चर्चा जरा जास्तच झाली. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत जिच्या तिच्या तोंडी ‘जर्मनी’. भाषा तर शिकावी लागणारच होती. मुलं क्लासला लागली, आणि पहिले तीन महिने घराघरांतून ‘गुटन मॉर्गन’ ऐकू येऊ लागलं!

पहिले तीन महिने सोपेच असतात हो. नाव सांगा, गाव सांगा, भाज्यांची नावं पाठ करा, एक ते शंभर आकडे म्हणा. याला ए-१ पातळी म्हणतात. लग्न होऊन नवऱ्याबरोबर जाणाऱ्या मुलीला बहुतेक वेळा एवढीच परीक्षा लागते, आणि काही प्रकारच्या व्हिसांत तीही माफ असते. खरी गोष्ट पुढे आहे. ए-१, ए-२, मग बी-१, बी-२ अशा या पायऱ्या. परिचारिकेला तिथे पूर्ण मान्यता मिळवून काम करायचं तर साधारण बी-२ लागते. गटे इन्स्टिट्यूटच्या यादीप्रमाणे ए-१ला साडेसहाशेच्या आसपास शब्द, तर बी-१ला सुमारे चोवीसशे. म्हणजे शब्द जवळजवळ चौपट. तेही एकवेळ घोकता येतील. पण व्याकरण? आणि समोरचा माणूस भरभर बोलू लागला की?

माझ्या नणंदेची मुलगी नर्स आहे. मराठी शाळेत शिकलेली, हुशार, हाताला गुण असलेली. शहरातल्या एका क्लासला तिने ए-२ पर्यंत मजल मारली आणि तिथे गाडी अडली. एक दिवस म्हणाली, “मामी, माका ह्या जमाचा नाय. इंग्लिश मिडियमची पोरां फाडफाड बोलतत, नि मी बोलूक गेलंय काय तोंडच बंद होता.” क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून समजावीत. म्हणजे हिने आधी जर्मन वाक्याचं इंग्रजी करायचं, मग इंग्रजीचं मराठी, आणि उत्तर देताना पुन्हा तीच उलटी वारी. तिच्या आईने दागिने ठेवून क्लासची फी भरलेली. तेव्हा ‘जमाचा नाय’ म्हणून सोडून देण्याजोगी ती गोष्ट नव्हती.

मी शाळेत अर्धवेळ मराठी आणि संस्कृत शिकवते. तिची वही घेऊन बसले, आणि पाहते तर काय, अर्धंअधिक व्याकरण आपल्या घरचंच! तेव्हापासून मीही तिच्याबरोबर जर्मन शिकते आहे. आता माझं ठाम मत झालं आहे की, मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला जर्मनसाठी इंग्रजीचा वळसा घ्यायला लावणं म्हणजे देवबागहून तारकर्लीला जायला कुडाळमार्गे गाडी नेणं.

कसं ते पाहा. इंग्रजीत खुर्चीही ‘इट’ आणि टेबलही ‘इट’. आपल्याकडे तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल. जर्मनमध्येही तसंच, डेअर, डी, दास. इंग्रजीतून येणाऱ्याला ‘निर्जीव वस्तूला लिंग कशाला?’ हे पटायलाच महिना जातो. आपल्याला ते पटवावं लागत नाही. मात्र कुठल्या शब्दाला कुठलं लिंग, हे जुळेलच असं नाही. चंद्र तिकडेही ‘तो’ आहे, पण सूर्य ‘ती’! म्हणून शब्द पाठ करताना डेअर-डी-दाससकटच करावा. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ असा शेवट असेल तर तो शब्द डोळे मिटून स्त्रीलिंगी धरा. ‘शन’ हा लाडाचा प्रत्यय लागला की नपुंसकलिंगी. त्यामुळे मुलगी म्हणजे ‘मेटशन’ हा शब्द नपुंसकलिंगी ठरतो. क्लासमध्ये यावर म्हणे सगळे हसले. आमच्या भाचीला हसू आलं नाही. कारण मालवणीत आपण ‘ता चेडू’च म्हणतो की!

आता विभक्ती. शाळेत ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ घोकताना आपण सगळ्यांनीच कपाळाला हात लावला होता. जर्मनमध्ये फक्त चार आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. यातली चतुर्थी नीट कळली की बी-१चा निम्मा घाट चढून झाला, असं मी म्हणेन. कारण आपली अर्धी सुखदुःखं चतुर्थीतच असतात. मला थंडी वाजते, मला बरं वाटत नाही, मला हे आवडतं. इंग्रजीत सगळीकडे ‘आय’. जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट काल्ट’, शब्दशः ‘मला थंड आहे’. इंग्रजीवरून ‘इश बिन काल्ट’ म्हणाल तर ‘मी थंड स्वभावाची आहे’ असा भलताच अर्थ निघेल! ‘हे मला आवडतं’ला ‘दास गेफेल्ट मिअर’, शब्दाला शब्द आपलाच. रुग्णाच्या उशाशी उभं राहून काम करणाऱ्या मुलीला ही ‘मला’ची वाक्यं दिवसातून पन्नासदा लागणार आहेत.

अव्यय आलं की नामाच्या आधीचा डेअर-डी-दास बदलतो, याचीही पुष्कळांना धास्ती वाटते. अहो, हे आपलं सामान्यरूपच. आंबा, पण ‘वर’ लागलं की आंब्यावर. घोडा, पण घोड्याला. आपल्याकडे शब्दच वाकतो, तिकडे शब्द बहुधा तसाच राहतो आणि त्याच्या पुढ्यातला डेअर वाकतो, एवढाच फरक. आणखी एक मेख आहे. ‘स्वयंपाकघरात गेले’ याला ‘इन डी क्युशं’, तर ‘स्वयंपाकघरात आहे’ याला ‘इन डेअर क्युशं’. गेलं की द्वितीया, असलं की चतुर्थी. पुस्तकी मराठी इथे उपयोगाची नाही, तिच्यात दोन्हीकडे ‘घरात’च. पण मालवणीत पाहा. पोर ‘शाळेक’ गेला, आणि पोर ‘शाळेत’ आसा. जाण्याला एक प्रत्यय, असण्याला दुसरा. भाचीला मी एवढंच सांगितलं, “तुझ्या आजीसारखं बोल.” तेव्हापासून तिचं फारसं अडत नाही.

वाक्यरचनेची गंमत तर मला सर्वांत आवडली. साध्या वाक्यात जर्मनचं क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, तिथे आपल्याला सवय करावीच लागते. पण ‘कारण’, ‘की’, ‘जर’ असं काही आलं की पुढच्या गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीवाले इथे धडाधड पडतात. ‘वाइल इश नाख हाउझं गेएन विल’ हे वाक्य घ्या. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, नाख हाउझं म्हणजे घरी, गेएन म्हणजे जाऊ, विल म्हणजे इच्छिते. ‘कारण मी घरी जाऊ इच्छिते.’ एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला का? ए-२वर अडलेल्या प्रत्येकीने रोज दहा वाक्यं या ‘वाइल’ची करावीत. बाजारात गेले नाही, कारण पाऊस होता. मासे आणले नाहीत, कारण आज संकष्टी आहे. तुटक वाक्यांतून बाहेर पडून सलग बोलण्याची सुरुवात इथूनच होते.

भूतकाळात मात्र जपून. ‘ती गेली’, ‘ती आली’, ‘ती पडली’ यांना जर्मनमध्ये ‘असणे’चं सहायक क्रियापद लागतं, आणि ‘तिने भात खाल्ला’, ‘तिने पत्र लिहिलं’ यांना ‘जवळ असणे’चं, म्हणजे ‘हाबन’चं. आपल्या ‘ती’ आणि ‘तिने’वरून पुष्कळदा बरोबर अंदाज येतो. पण ‘ती हसली’, ‘ती रडली’, ‘ती झोपली’ इथे फसगत होते, कारण जर्मनमध्ये ही तिन्ही ‘हाबन’कडे जातात. सगळंच मराठीत सापडेल असं थोडंच आहे?

जे मुळीच सापडणार नाही तेही सांगते. जर्मन क्रियापदांना पुढे एक शेपटासारखा तुकडा असतो, आणि साध्या वाक्यात तो सुटून अगदी शेवटी जाऊन बसतो. ‘माखन झी बिटं दास फेन्स्टर आउफ’ म्हणजे कृपया खिडकी उघडा, आणि ‘माखन झी बिटं दास फेन्स्टर त्सू’ म्हणजे कृपया खिडकी लावा. सगळं वाक्य तेच, शेवटच्या टिकलीएवढ्या शब्दात उघड की बंद ते ठरतं! अर्धं वाक्य ऐकून ‘हो हो’ म्हणत धावायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. शेवटचा शब्द कानावर पडेपर्यंत हातातलं काम थांबवावं. असे शब्द जोडीनेच पाठ करावेत, आउफमाखन-त्सूमाखन, जसं आपण उघडझाप म्हणतो.

आकड्यांचं ऐका. चोवीस म्हणजे काय? चार आणि वीस. जर्मनमध्येही ‘फिअर-उन्ट-त्स्वान्त्सिश’, चार आणि वीस. इंग्रजीतून शिकणारे इथे बेचाळीसचे चोवीस करून ठेवतात. आपण मराठीतच मोजायचं. पण घड्याळात उलटा डाव आहे, आणि औषधाच्या वेळा पाळणाऱ्या मुलींनी तो नक्की ध्यानात ठेवावा. ‘हाल्प फिअर’ म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन! चौथा तास अर्धा झाला, असा त्यांचा हिशेब. दक्षिणेकडे, म्हणजे करारातल्या त्या राज्यात, ‘ड्रायफिअर्टल फिअर’ असंही ऐकू येतं. ते मात्र सरळ आपलं पावणेचार.

उच्चारांत एकच सांगते. चमच्यातला पहिला ‘च’ आणि चिंचेतला ‘च’ वेगळे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चमच्यातला तो दंत्य ‘च’ म्हणजेच जर्मनचा ‘झेड’. ‘त्सेन’ म्हणजे दहा, ‘त्सूग’ म्हणजे आगगाडी. हिंदी मुलखातल्या मुलींना यासाठी जीभ वळवून घ्यावी लागते, आपल्याला ती जन्मतः मिळालेली आहे.

हे झालं व्याकरण. रोजचं बोलणं त्याहून निराळं. पुस्तकातली वाक्यं बिनचूक म्हणणारी मुलगीही परकी वाटते, कारण तिच्या बोलण्यात ‘ना’, ‘की’, ‘बरं का’, ‘तर’ हे नसतात. आपण ‘बस’ म्हणतो आणि ‘बस ना’ म्हणतो, यात केवढं अंतर आहे! जर्मनमध्ये असे शब्द आहेत, डॉख, माल, या. ‘झेत्सन झी झिश डॉख’ म्हणजे ‘बसा ना’. ‘कॉम माल हेअर’ म्हणजे ‘जरा इकडे ये बघू’. आणि कुणी विचारलं, “तुम्ही चहा घेत नाही ना?” तर “घेते की!” याला एकच शब्द, “डॉख!” इंग्रजीत याला धड प्रतिशब्द नाही. म्हणून इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं दोन ओळींत विषय संपवतात. मी म्हणते, यावर आठवडा घालवा.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ही आहेत, ‘डू’ आणि ‘झी’. रुग्णाला, साहेबाला, दुकानदाराला ‘झी’च. बरोबरीने काम करणारे बहुधा लवकरच ‘डू’वर येतात, पण पुढाकार वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाने घ्यायचा. हे आपल्याला कळतंच. आणि समजलं नाही तर मान डोलावू नये. ‘वी बिटं?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ हे दोन शब्द निर्लज्जपणे वापरावेत. औषधाची मात्रा चुकण्यापेक्षा चारदा विचारलेलं बरं.

तुम्ही म्हणाल, सराव करायचा कुणाशी? मालवणात जर्मन बोलणारं कोण भेटणार? भाचीला परीक्षेची रीत विचारली तेव्हा मला याचं उत्तर मिळालं. बी-१च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण हवेत. चारही वेगवेगळे देता येतात, म्हणजे एक राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा, साऱ्या कष्टांवर पाणी पडत नाही. संभाषणाला दोन उमेदवार एकत्र बसवतात. सुमारे पंधरा मिनिटांत दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा, मग एकेकाने एका विषयावर थोडं बोलायचं, आणि दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारायचे. म्हणजे हवी ती एक जोडीदारीण, जर्मन माणूस नव्हे! रोज वीस मिनिटं दोघींनी बसावं. बेत काय, जत्रेला जायचं, डोहाळजेवण करायचं, पुण्याला परीक्षेला जायची गाडी ठरवायची. विषयावर बोलायचं तर आपला अनुभव, आपल्याकडची रीत, फायदे-तोटे आणि शेवटी आभार, असा साचा परीक्षेतच दिलेला असतो.

घरकाम करता करताही पुष्कळ होतं. डब्यांवर चिठ्ठ्या लावणं हे पहिल्या पायरीचं काम. त्यापुढे पाककृती तोंडी सांगावी. सोलकढी करताना आधी काय, मग काय, त्यानंतर काय, शेवटी काय. ‘त्सुएर्स्ट’, ‘डान’, ‘डानाख’, ‘त्सुम श्लुस’ हे चार शब्द घेऊन पदार्थ संपेस्तोवर बोलत राहावं. मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करून रात्री ऐकावं. डॉइचे वेले या जर्मन संस्थेची ‘निकोस वेग’ नावाची चित्रमालिका बी-१पर्यंत नेते आणि ती फुकट पाहता येते. एकच भाग तीनदा पाहावा, नवे तीन पाहण्यापेक्षा. गावात क्लास नसेल तर पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. पण तिथे राहण्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, हेही खरंच. “भाषेचं पुढे पाहू, आधी पैसे भरा” असं म्हणणाऱ्या मध्यस्थापासून मात्र चार हात दूर राहा. वेळ किती लागेल? बी-१पर्यंत पाऊण तासाचे साडेतीनशे ते साडेसहाशे तास, असा गटे इन्स्टिट्यूटचाच अंदाज आहे. सहा महिन्यांत सगळं करून देतो म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

‘लग्नानंतर कसली नवी भाषा!’ असं कुणी म्हणालं तर इरावतीबाई कर्वे यांचं नाव सांगा. लग्न झाल्यावरच १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि तिथे डॉक्टरेट मिळवून आल्या. त्यांचे यजमान दि. धों. कर्वे हेही जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले. आणि उलट दिशेनेही माणसं आली आहेत. मार्टिन हाउग नावाचे गृहस्थ वुर्टेमबेर्गच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या पोटी १८२७ साली जन्मले. ते १८५९ साली पुण्याला आले ते संस्कृत शिकवायला! आपल्या आठ विभक्ती त्यांना जमल्या. त्यांच्या चार आपल्याला का जमू नयेत?

याच मुलखात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, आपल्या मुली जाणार. श्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. पण तिथे गेल्यावर पहिला धक्का बसतो तो असा की, पुस्तकातली जर्मन कुणी बोलतच नाही. तिथली बोली श्वेबिश. लाडाच्या ‘शन’ऐवजी ते ‘लं’ लावतात, म्हणजे छोट्या घराला ‘हॉइसलं’. म्हातारी माणसं तर शुद्ध भाषेच्या वाटेलाच जात नाहीत, आणि रुग्णालयात गाठ पडते ती बहुतेक त्यांच्याशीच. मालवणी आजीपुढे पुण्याची डॉक्टरीण बसली तर जे होतं, तेच. तेव्हा घाबरून न जाता ‘जरा सावकाश बोलता का?’ एवढं म्हणावं. माणसं बोली सोडून सावकाश बोलू लागतात. तिकडे ‘गुटन टाग’पेक्षा ‘ग्र्युस गॉट’ जास्त चालतं. देवाचं नाव घेऊन केलेला नमस्कार तो. ‘देव बरे करो’ म्हणणाऱ्या आमच्या लोकांना तो परका वाटू नये.

आमच्या भाचीचे बी-१चे वाचन, श्रवण आणि लेखन हे तीन भाग सुटले आहेत, संभाषण राहिलं आहे. जोडीदारीण म्हणून सध्या मीच बसते. काल आम्ही डोहाळजेवणाचा बेत ठरवला, आणि शेवटी ती “पण पैसे कोण देणार?” असं जर्मनमध्ये विचारून मोकळी झाली.